आला तसा नंबर

आमच्या गावात दोन माणसं भेटली की 'कसं काय' विचारत नाहीत, 'नंबर किती' विचारतात. नवख्याला वाटतं फोनचा नंबर मागताहेत, आणि तो खिशातून मोबाइल काढतो. मग त्याला समजावावं लागतं की बाबा, घराचा नंबर. आणि घराच्या नंबरावरून घर कुठे आहे ते मुळीच कळत नाही, तू कधी आलास तेवढं कळतं. कारण आमच्याकडे नंबर गल्लीने पडलेले नाहीत, माणसं आली त्या क्रमाने पडलेत. घर क्रमांक दोनशे बाराच्या डावीकडे सात हजार चारशे नऊ आहे आणि उजवीकडे एकोणीस. दोनशे तेरा शोधायचं तर नदीकाठाने अर्धा तास चालावं लागतं. बदली होऊन आलेला प्रत्येक टपालवाला पहिल्या आठवड्यात रजेचा अर्ज टाकतो. दुसऱ्या आठवड्यात तो अर्ज परत घेतो, कारण तोवर त्यालाही नंबर मिळालेला असतो आणि आपण कोणाच्या आधी आलो हे तो लोकांना ऐकवायला लागतो.

हा सगळा घोळ माझ्या मावशीचा. वय पासष्ट, वजन शिडीइतकं, आवाज मात्र तीन गल्ल्यांना पुरेल असा. नखांत कायम काळा ऑइल पेंट, पदराला टर्पेंटाइनचा वास. गावातल्या प्रत्येक दारावरचा पांढरा गोल आणि त्यातले आकडे तिच्या हातचे. तिचा तीन लांबून ओळखू येतो, त्याची शेपूट जरा लाडावलेली असते. मी तिला एकदा म्हटलं, "मावशी, इतकं काय लाड करायचे आकड्याचे?" ती म्हणाली, "माणसाला आयुष्यभर त्याच्या खालून ये-जा करायची असते. तोंड पाडून बसलेला तीन कशाला द्यायचा त्याला?"

घोळाची सुरुवात सरकारी होती, त्यामुळे मावशीला एकटीला दोष देता येत नाही. सेहेचाळीस वर्षांपूर्वी इथे नुसती नदी होती आणि नदीवर पूल बांधायचं काम निघालं. कामाला माणसं आली ती दहा दिशांनी. वेल्डर डोंगरातले, दोर ओढणारे समुद्राकडचे, पाण्यात बुड्या मारणारे तर सीमेपलीकडचे. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती आणि मुकादमाच्या शिव्या सगळ्यांना कळत होत्या. माझे वडील पुलाला रेड ऑक्साइडचा तांबडा रंग मारायला आले. बरोबर आई आली आणि आईची धाकटी बहीण म्हणून एकोणीस वर्षांची मावशी आली. तिचं अक्षर बरं म्हणून मुकादमाने तिला पुलाच्या लोखंडी गर्डरवर नंबर टाकायचं काम दिलं. गाडीतून गर्डर उतरला की त्यावर पुढचा आकडा. गर्डर संपले तेव्हा मुकादम म्हणाला, "आता झोपड्यांवरही टाक, हजेरीला बरं." मावशीने विचारलं, "कुठल्या टोकापासून?" मुकादम घाईत होता. तो म्हणाला, "गर्डरसारखे. आला तसा नंबर."

मग पूल पूर्ण झाला, आणि लोकांच्या लक्षात आलं की पुलाच्या या टोकाला रस्ताच नाही. ज्याने नकाशा काढला त्याने पूल फार सुंदर काढला होता, रस्ता तेवढा विसरला. वरातीमागून घोडं यावं तसा तो रस्ता चार वर्षांनी आला. तोवर हा कुठेच न जाणारा पूल बघायला माणसं येऊ लागली. बघे आले म्हणून बेकरीवाला आला. बेकरीवाला आला म्हणून लाकडं तोडणारा आला. चार वर्षं रोज तेच लोक तोच पूल बघतात म्हटल्यावर त्यांना दाढी करून द्यायला कोणीतरी हवं, ते आमच्याकडे आधीपासून होतं. पहिल्याच गाडीतून उतरलेला न्हावी, घर क्रमांक एक. गाव त्याला 'एक नंबर' म्हणतं आणि त्याला ते आजही कौतुकच वाटतं. मुकादम कधीच निघून गेला. मावशीला थांब असं कोणी सांगितलंच नाही, म्हणून ती नंबर टाकत राहिली.

या घोळातून एक रीत पडली, आणि आमचं गाव तिच्यावर उभं आहे. नवा माणूस आला की त्याच्या आधीच्या नंबरवाल्याने त्याच्याकडे जायचं आणि त्याची एक तरी वस्तू हाताने उचलून उंबऱ्याच्या आत न्यायची. ट्रंक असो, पाळणा असो, नाहीतर नुसता तवा. तेव्हापासून ते एकमेकांचे 'आधीचे' आणि 'नंतरचे'. घरं गावाच्या दोन टोकांना असली तरी आजारपणात, बाळंतपणात, खांदा द्यायला पहिला हक्क आधीच्या-नंतरच्याचा. भाषा कळो न कळो. मी शिकवते त्या शाळेत एक मुलगा आहे, तो घरात एक भाषा बोलतो, आधीच्यांकडे दुसरी आणि नंतरच्यांकडे तिसरी. परीक्षेत तिन्ही एकत्र लिहितो. मी त्याला मार्क देते, काय करणार.

आता एवढं सगळं ज्या बाईने केलं, तिच्या घराचा नंबर किती?

हा प्रश्न सेहेचाळीस वर्षांत कोणाला पडला नाही. मलाही नाही, आणि मी त्याच घरात वाढले. वडील पुढच्या पुलावर गेले, आई त्यांच्याबरोबर गेली, मी शाळेसाठी मावशीजवळ राहिले ती राहिलेच. पुलाच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडचं हळूहळू झालेलं दोन खोल्यांचं घर. पत्रावर नुसतं 'पुलाजवळची मावशी' लिहिलं तरी पत्र येतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आम्हाला दिसला नाही, कारण आम्ही दिव्याला टेकूनच बसलो होतो.

तो दिसला नव्या साहेबांना. गावाची वस्ती इतकी वाढली की वरून हुकूम आला, आता हे शहर. शहर म्हणजे गल्लीनिहाय नंबर, आणि ते लावायला एक तरुण साहेब आले. खिशाला तीन पेनं, म्हणून त्यांचं नाव पडलं 'तीन पेन'. माणूस वाईट नव्हता. त्यांनी जुने नंबर पुसायचेही नाहीत, खाली राहू द्यायचे असं कबूल केलं. फक्त नोटीस लावली: प्रत्येकाने आपला जुना नंबर आधीच्या नंबरवाल्याच्या सहीनिशी गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत कचेरीत नोंदवावा. ज्या घराला जुना नंबर नाही, ते अतिक्रमण समजून पाडण्यात येईल. साहेबांना पुलाच्या तोंडाशी शहराची स्वागत कमान बांधायची होती, आणि तिथे एक घर नंबराशिवाय उभं होतं.

मी नोटीस वाचून घरी धावले. मावशी ब्रश धूत होती.

"मावशी, आपल्याला नंबरच नाही."

"माहीत आहे."

"माहीत आहे? मग टाकला का नाहीस कधी?"

"सगळे आले की टाकणार होते."

"सगळे म्हणजे कोण?"

"येणारे."

मी कपाळाला हात लावला. ती शांतपणे म्हणाली, "पाहुणे उभे असताना यजमान बसत नाही. पहिल्या दिवशीच ठरवलं होतं, सगळ्यांना टाकून झाले की शेवटचा आपला. पण माणसं यायची थांबलीच नाहीत, त्यात माझा काय दोष?"

मी म्हटलं, आता तरी पुढचा नंबर घेऊन टाक. तर नाही. तिने एकदा बाटल्यांच्या कारखान्याच्या मालकाला कंगवेवाल्याच्या मागे उभं केलं होतं. मालक गाडीतून आला होता पण कंगवेवाला पुलावर आधी दिसला होता. सेहेचाळीस वर्षं लोकांना रांग शिकवली आणि आता स्वतः मध्ये घुसायचं, हे तिला जमणारं नव्हतं. तिच्याशी बरीच घासाघीस केल्यावर एवढं पदरात पडलं: एक हात सुकेपर्यंत पूल रिकामा राहिला, तर सगळे आले असं ती धरेल. एक हात म्हणजे रंगाचा एक थर. पत्र्यावर पातळ रंगाचा एक फटकारा मारायचा, उन्हात ठेवायचा, बोटाला लागेनासा व्हायला दीड तास, फार तर पावणेदोन. दीड तास काय, मिळेल, असं मला वाटलं.

सोमवारी अकरा कुटुंबं आली. शहर होणार ही बातमी आमच्याआधी बाहेर पोचली होती. मावशी पत्र्यावर फटकारा मारायची, बोट लावायला बसायची आणि पुलावर हातगाडी दिसायची. मंगळवारी सतरा. गाद्या पिंजणारे, चष्मे दुरुस्त करणारे, एक जण तर तीन पियानो घेऊन आला, ते कुठे ठेवायचे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याच्या आधीच्याची पंचाईत झाली, कारण एक वस्तू उचलायची रीत आणि वस्तू म्हणजे पियानो. शेवटी त्याने पियानोवरचं स्टूल आत नेलं आणि सुटला. मावशीला शिडी टेकवून ठेवायलाही सवड नव्हती, ती खांद्यावर घेऊनच जेवली. मी हसत होते आणि मला रडूही येत होतं, कारण बुधवार संध्याकाळपर्यंत आमच्या दारावर पांढरा गोलसुद्धा काढून झाला नव्हता.

बुधवारी मी एक नंबरच्या दुकानाबाहेर बसून खरंच रडले. मी फक्त एवढंच म्हणाले की उद्या दीड-दोन तास कोणी आलं नाही तर घर वाचेल. म्हातारा एका गिऱ्हाइकाचा अर्धा गाल साबणात ठेवून बाहेर आला. "दोन तास ना? तू फक्त तिला दाराशी बसवून ठेव," तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकाला तसंच घेऊन बेकरीकडे गेला.

आमच्या पुलाच्या पलीकडच्या काठावर टेकडीला वळसा घालून रस्ता येतो. वळणामागचं आमच्या दारातून काही दिसत नाही. गुरुवारी दुपारी दीडला छत्र्या दुरुस्त करणारा त्याच्या आईला घेऊन आला. त्याला अकरा हजार तीनशे सात टाकला. त्याच्यानंतर अर्धं गाव, आपण सहज फिरायला निघालोय असा चेहरा करून, पूल ओलांडून वळणामागे गेलं. न्हावी खुर्ची घेऊन गेला. बेकरीवाला दोन पाट्या घेऊन गेला. इस्त्रीवाली बाई गेली, तिच्या मागे तिच्या आधीचे आणि त्यांच्याही आधीचे. मावशी म्हणाली, "आज एवढे लोक कुठे चालले?" मी म्हटलं, "हवा खायला." ती म्हणाली, "खुर्ची घेऊन?" मी म्हटलं, "म्हातारा माणूस आहे, थकतो."

अडीचला तिने पत्र्यावर फटकारा मारला आणि उंबऱ्यावर बसली. पूल रिकामा. तीन वाजले, पूल रिकामा. वळणामागून मध्येच हसण्याचा आवाज यायचा, तेव्हा मी मोठ्याने खोकायचे. मावशी म्हणाली, "औषध घे." साडेतीनला कोणीतरी वाद्य वाजवायला घेतलं आणि मी इतकी खोकले की तिने खरंच आत जाऊन आल्याचा तुकडा आणला.

चारला पुलावर काहीतरी हललं. मावशी ताडकन उठली, हात शिडीकडे. माझी पाचावर धारण बसली. पुलाच्या मधोमध एक बकरी चालत येत होती, गळ्यात तुटलेली दोरी आणि तोंडात बेकरीतला अर्धा पाव. ती आमच्या दाराशी आली, दोघींकडे बघून पाव संपवला आणि पायरीवर बसली.

मावशी बराच वेळ बकरीकडे बघत राहिली. "ही कोणाबरोबर आली?"

"एकटीच दिसते."

"नवीन आहे. आपल्यातल्या बकऱ्या मी ओळखते."

"मावशी, बकरीला नंबर नसतो."

तिने विचार केला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब मिनिट ते. मग म्हणाली, "नसतो," आणि पुन्हा बसली.

सव्वाचारला तिने पत्र्यावर बोट टेकवलं. बोट उचलून बघितलं. कोरडं होतं. ती उठली, दारावर पांढरा गोल काढला, तो ओला असतानाच त्यात खडूची रेघ न मारता आकडे काढायला लागली. एक, एक, तीन, शून्य, आठ. एवढी वर्षं हात हलला नव्हता, त्या दिवशी तीनची शेपूट किंचित हलली. 

सही करायला छत्रीवाला हवा होता. तो आला तोच गंभीर चेहऱ्याने, कारण आपल्याला आज दुपारीच कळलेली रीत आपणच पाळायची आहे हे त्याने मनावर घेतलं होतं. "काय आत न्यायचं?" त्याने विचारलं. मावशी म्हणाली, "अरे, मी सेहेचाळीस वर्षं इथेच राहते. सगळं आतच आहे." त्याला ते पटेना. नंतरच्याचं काहीतरी आत नेल्याशिवाय सही कशी करणार. मी घड्याळ बघत होते. तो घराभोवती फिरला आणि त्याला भिंतीला टेकलेली शिडी दिसली. ती कायम बाहेरच असायची, केव्हा कोण येईल सांगता येत नाही म्हणून. त्याने ती उचलली, जरा तिरकी करून दारातून आत नेली आणि खाटेशेजारी ठेवली. मग सही केली. मावशी शिडीकडे आणि शिडी मावशीकडे बघत राहिली, तेव्हा मी मावशीचा एक हात धरून ओढला, दुसऱ्या हातात रंगाचा डबा तसाच होता.

कचेरीत पोचलो तेव्हा पाचला सात मिनिटं होती. तीन पेनांनी अर्ज वाचला, आकडा वाचला, वर बघितलं. त्यांचा स्वतःचा नंबर अकरा हजार एकशे दोन. त्यांच्या आधीची ती इस्त्रीवाली बाई, जिने आठ महिन्यांपूर्वी त्यांची खाट तीन मजले एकटीने चढवली होती, आणि जिला ते आजही घाबरतात. "आज नवे कोणी आलेच नाहीत वाटतं दुपारपासून," साहेब म्हणाले. त्यांच्या बाहीवर पावाचा चुरा होता. त्यांनी शिक्का मारला.

परत येताना मावशी रस्ताभर बडबडत होती. कमान कुठे बांधायची ते आता साहेबांनी बघावं, वाटलं तर आपल्या घराला वळसा घालून बांधावी. पुलापाशी आलो आणि ती थांबली. पाच वाजून गेले होते, आणि वळणामागून मिरवणूक येत होती. चार ट्रक, दोन हातगाड्या, ताज्या दाढ्या केलेले सहा परके पुरुष, कडेवर दुसऱ्यांची पोरं घेतलेलं आमचं अर्धं गाव, आणि सगळ्यांत पुढे खुर्ची डोक्यावर घेतलेला एक नंबर.

मावशीला समजायला वेळ लागला नाही. तिचा आवाज तीन गल्ल्यांपर्यंत गेला. "या पुलावर आजवर कोणाला अडवलं नव्हतं. आणि तुम्ही माझ्यासाठी अडवलंत?"

म्हातारा खुर्ची खाली ठेवून म्हणाला, "अडवलं कुठे? बसवलं. पाव दिले, चहा दिला, दाढ्या केल्या. आम्ही आलो तेव्हा तुम्ही आम्हाला तेवढंसुद्धा विचारलं नव्हतं."

"हे माझ्या आधीचे आहेत. आत्ता जाऊन पुसते मी नंबर." तिने खरंच कमरेला खोचलेली चिंधी काढली. मी तिच्या आडवी आले, इस्त्रीवाली आडवी आली, बकरीसुद्धा मध्ये आली. मावशी रडकुंडीला आली होती आणि ते लपवायला आणखी मोठ्याने ओरडत होती.

एवढ्यात पहिल्या ट्रकमधून एक बाई उतरली. दुपारी दोनपासून ती वळणामागे बसली होती आणि तीन तासांत आमच्या गावाचं जे काही शिकायचं ते शिकली होती. ती सरळ मावशीपुढे आली, अडखळत्या बोलीत पण ठसक्यात विचारलं, "नंबर किती?"

मावशीचं तोंड उघडं राहिलं. गावात रोज हजार वेळा विचारला जाणारा प्रश्न, पण तिला तो कोणी कधी विचारला नव्हता.  तिने चिंधी पुन्हा कमरेला खोचली, पदर सारखा केला आणि इतक्या हळू आवाजात सांगितलं की मलाही जेमतेम ऐकू आलं, "अकरा हजार तीनशे आठ."

बाईने बोटांवर हिशेब केला. "मग मी नऊ. म्हणजे माझ्या आधीच्या तुम्ही," ती म्हणाली, आणि ट्रकच्या फळीवरच्या शिलाई मशीनकडे बोट दाखवलं. "हे जड आहे."

मावशीने रंगाचा डबा माझ्या हातात दिला आणि मशीनची दुसरी बाजू उचलली.